उंदरांची नावे आणि त्यांचे मुलूख : दक्षिणी मराठा मुलखातील एका शोधाचा इतिहास

१

एखाद्या प्राण्याची नवी जाती ‘शोधली’ गेली असे प्राणिशास्त्राच्या इतिहासात म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात काय घडलेले असते, हा प्रश्न वरकरणी वाटतो तितका सोपा नाही. प्राणी तर पूर्वीपासून तेथे असतोच. बहुधा त्याला मारून खाणारी किंवा त्याच्यापासून पीक राखणारी माणसेही तेथे असतात. आणि ज्या अर्थी ती त्याला इतरांपासून वेगळा ओळखतात, त्या अर्थी त्यांच्या बोलीत त्याला नावही असते. मग शोध लागतो तो कशाचा?

प्रस्तुत लेखकाचा विषय प्राणिशास्त्र नव्हे, भाषाशास्त्र होय. तथापि दख्खनच्या पठारावरील कृंतक प्राण्यांची, म्हणजे उंदीर, घुशी, खारी इत्यादी कुरतडणाऱ्या प्राण्यांची, शास्त्रीय नावे पाहत असता असे दिसून आले की, या नावांपैकी काही नावे लॅटिन नाहीत आणि ग्रीकही नाहीत. ती द्राविडी आहेत. आणि त्यांतील निदान दोन तरी वडार लोकांच्या बोलीतून घेतलेली आहेत. ही नावे तेथवर कशी पोहोचली, आणि पुढील दीडशे वर्षांत नाव देण्याची व प्राण्याचा मुलूख नकाशावर दाखविण्याची पद्धत कशी पालटत गेली, हे पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. उंदरासारख्या क्षुद्र मानलेल्या प्राण्याच्या निमित्ताने ज्ञान कोणाचे आणि श्रेय कोणाचे, या प्रश्नावरही थोडा प्रकाश पडेल, अशी आशा आहे.

२

या इतिहासातील पहिला टप्पा म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स याची दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी. साइक्स मुंबई सरकारचा सांख्यिकी निवेदक होता. जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करीत असताना त्याने प्राण्यांचेही नमुने जमविले आणि १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे आपली यादी ठेवली. या यादीत त्याने मराठी नावेही दिली आहेत. रानकुत्र्याची त्याने दिलेली ‘कोळसून’ ही संज्ञा मराठी वाचकास परिचित आहेच. आपण ज्यास शेकरू म्हणतो त्या मोठ्या खारीच्या येथील प्रकारास मात्र त्याने मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे नाव दिले.

साइक्सच्या संग्रहातील उंदरांचे वर्णन १८३२ साली एडवर्ड टर्नर बेनेट याने प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका उंदराचे केस चपटे व राठ, काट्यासारखे होते. म्हणून बेनेटने त्यास ‘प्लॅटिथ्रिक्स’, म्हणजे ‘चपट्या केसांचा’, असे ग्रीक नाव दिले. त्याचे वसतिस्थान म्हणून जे नोंदले गेले ते एवढेच : ‘दख्खन’. नाशिकपासून कृष्णेपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे पसरलेला प्रदेश एका शब्दात सांगून हा विषय संपविला गेला. नमुना लंडनला पोहोचला. तो ज्या मातीतून निघाला ती माती कोणती, हे मात्र नोंदीत आले नाही.

३

ही उणीव ज्याने पुष्कळ अंशी भरून काढली तो गृहस्थ म्हणजे वॉल्टर इलियट (१८०३–१८८७). इलियट कंपनी सरकारच्या मद्रास मुलकी सेवेत होता आणि तरुणपणीची बरीच वर्षे त्याने धारवाडच्या बाजूस, म्हणजे त्या वेळी ज्यास दक्षिणी मराठा मुलूख म्हणत तेथे, काढली. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात जे इंग्रज अधिकारी बंदिवान झाले त्यांत तो होता. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचा परिचय आहे तो निराळ्याच कारणाने : कन्नड शिलालेखांच्या नकला त्याने करवून घेतल्या, आणि चालुक्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्याची गणना होते. दक्षिणेतील नाण्यांवरील त्याचा ग्रंथही प्रसिद्ध आहे.

शिलालेख वाचणाऱ्या या मनुष्याने १८३९ साली मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत दक्षिणी मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी छापली. या यादीच्या शीर्षकातच तेथे चालणाऱ्या देशी भाषांतील पर्यायनावे दिली असल्याचे सांगितले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देशी नाव हे इलियटच्या दृष्टीने केवळ कुतूहलाची वस्तू नव्हते. तो वर्णनाचाच एक भाग होता. शिलालेखाची नोंद करताना तो कोणत्या गावी, कोणत्या देवळात सापडला हे लिहावे लागते. तसेच प्राण्याबाबतही त्याने केले. ज्या उंदरास कन्नडमध्ये ‘गुलंडी’ म्हणतात तो, ज्यास ‘कोक’ म्हणतात तो, आणि ज्यांस वडार लोक ‘मेट्टाडे’ व ‘लेगाडे’ म्हणतात ते, असे चार निरनिराळे प्राणी त्याने चार निरनिराळ्या नावांनी ओळखले.

येथे वडारांचा उल्लेख का यावा, हे समजून घेतले पाहिजे. वडार लोक तळी खणणारे, मातीकाम व दगडकाम करणारे. शेतातील उंदीर हे त्यांचे अन्न होते. इलियट सांगतो की, ते कोक उंदीर मोठ्या संख्येने पकडीत, आणि सुगीच्या दिवसांत त्यांची बिळे खणून आत साठविलेले धान्य काढून घेत. एकेका बिळातून कधी कधी अर्धा शेर धान्य, ज्वारीच्या सबंध कणसांसह, निघे. आणि जेथे अशी बिळे विपुल तेथे त्या हंगामात हे लोक जवळजवळ त्या धान्यावरच राहत. ज्याचे पोट बिळावर अवलंबून आहे, त्याला कोणते बीळ कोणत्या उंदराचे हे अचूक ठाऊक असावेच लागते. मेट्टाडेच्या बिळात धान्य शोधण्यात दिवस घालविणे त्याला परवडणारे नव्हते. जातींमधील भेद ही त्याच्या दृष्टीने भाकरीची बाब होती.

४

आता या चार प्राण्यांचे मुलूख पाहू. इलियटने ते प्रदेशवार न सांगता जमीनवार सांगितले आहेत. आणि हीच त्याच्या कामगिरीची खरी थोरवी होय.

गुलंडी रानात राहते. दाट झुडपाच्या काटेरी फांद्यांत किंवा त्याखाली जमिनीवर वाळल्या गवताचे वाटोळे, घट्ट विणलेले घरटे करते. झुडपाभोवती तिच्या येण्याजाण्याच्या बारीक मळलेल्या वाटा दिसतात. ती संथ चालते, इतर उंदरांसारख्या उड्या मारीत नाही, सकाळ-सायंकाळ चरते. तिच्या पोटात हरळीची मुळे सापडली, असे इलियट नमूद करतो, आणि त्या गवताचे नावही तो आपल्याच बोलण्यातले देतो.

कोक काळ्या जमिनीचा, कपाशीच्या रानाचा रहिवासी. मोठा पाऊस झाला की बिळात पाणी शिरते, साठा नासतो आणि त्याला नवे घर शोधावे लागते. १८३३ च्या ऑगस्टात इलियटने असे एक नवे बीळ स्वतः खणून पाहिले होते; जुन्या सोडलेल्या बिळाजवळच ते होते.

लेगाडे राहतो तो तांबड्या, मुरमाड जमिनीत, बहुधा बांधाच्या उतारावर. प्राणी आत असला म्हणजे बिळाचे तोंड बारीक खड्यांनी बुजविलेले असते. बाहेर खड्यांचा ढीग दिसला की आत लेगाडे आहे असे समजावे. आतील खोलीतही तो खड्यांचेच अंथरूण करून बसतो. बेनेटने ज्यास ‘चपट्या केसांचा’ म्हटले होते तो हाच प्राणी. लंडनच्या टेबलावर त्याची ओळख केसांवरून पटली. धारवाडच्या बांधावर ती खड्यांवरून पटत होती.

मेट्टाडे हा पेरणीच्या शेतांचा उंदीर. तो खोल बीळ करीत नाही; झुडपाच्या मुळाशी उथळ भोक, शेतात रचलेले दगडांचे ढीग, कोकने टाकून दिलेले बीळ किंवा उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा, यांवर भागवितो. पहिल्या पावसाने भेगा मिटल्या की असे असंख्य उंदीर त्यांतच मरतात. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस पुरेसा झाला नाही. त्यामुळे मेट्टाडे वाचले, आणि इतके वाढले की त्यांनी पेरलेले बी खाल्ले, पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे कापली. कित्येक शेते साफ उद्ध्वस्त झाली आणि रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना बोलाविले. इतक्या डझनांस इतके माप धान्य, असा करार झाला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले. परंतु संख्या घटल्याचे जाणवले नाही.

शासनाने एखादा उंदीर ओळखावा याला १८२६ सालासारखे कारण दुसरे नसेल. सारा बुडाला तेव्हा तो बुडविणारा प्राणी कोण, हे कोणाला तरी विचारणे भाग होते. आणि ज्यांना विचारावयाचे ते वडार होते, हे ओघानेच आले. काळी जमीन, तांबडी जमीन, झुडुपी रान आणि पेरलेले शेत ही या चार प्राण्यांची वाटणी म्हणजे कागदावर न काढलेला एक नकाशाच होय. तो शब्दांत उतरविला इलियटने. परंतु त्याच्या रेषा, प्रस्तुत लेखकाच्या मते, पुष्कळशा वडारांच्या पहारीने आधीच आखलेल्या होत्या.

५

इलियटची यादी छापण्यापूर्वीच, १८३७ साली, ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे याने या उंदरांची लॅटिन वर्णने प्रसिद्ध केली. नव्या वंशांना नावे देताना त्याने देशी शब्दच उचलले. ‘गुलंडी’चे झाले ‘गोलुंडा’. आणि त्याच्यापुढे ‘इलियोटी’ हे इलियटचे स्मारक जोडले गेले. ‘लेगाडे’वरून ‘लेगाडा’ हा वंश झाला. त्यात त्याने घातलेल्या एका चिमुकल्या शेतउंदराचे जातिनाम ‘बूडुगा’; तेलुगूतील ‘बुडुगु’ म्हणजे चिमुरडा, या शब्दाशी त्याचा संबंध असावा असे वाटते. ‘कोक’ हे तर जातिनाम म्हणून जसेच्या तसे घेतले गेले. पुढे ती जाती बंगालमधून १८३५ साली वर्णिलेल्या लहान घुशीत समाविष्ट झाली. हा शब्द आपल्याला दुसऱ्या वाटेनेही भेटतो. तेलुगूत घुशीस ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. त्याचे इंग्रजांनी ‘बँडिकूट’ केले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ते नाव ऑस्ट्रेलियातील पिशवीधारी प्राण्यांनाही चिकटले. शब्द समुद्र ओलांडून गेला, पण घूस मात्र येथेच राहिली!

चौथे नाव सर्वांत मनोरंजक आहे. इलियटच्या यादीत ते ‘मेट्टाडा’ असे, दोन ‘टी’ अक्षरे घालून, येते. ग्रेच्या लेखात मात्र ‘मेल्टाडा’ असे छापले गेले आहे. ज्याने हस्तलिखित पोथ्यांचे पाठ तपासले आहेत त्याला यातले रहस्य उलगडण्यास वेळ लागणार नाही. इंग्रजी हस्ताक्षरात ‘टी’ची आडवी रेघ राहिली की त्याचा ‘एल’ होतो. हा लेखकाचा वा जुळाऱ्याचा प्रमाद असावा, असे मानणेच सयुक्तिक होय. परंतु प्राणिशास्त्रात अग्रक्रमाचा कडक नियम आहे : जे नाव प्रथम छापले गेले तेच कायम. त्यामुळे १८३७ ची चूक टिकली आणि १८३९ चा शुद्ध पाठ मागे पडला. पाठचिकित्सेत आपण अपपाठ दूर करतो. येथे अपपाठालाच सिंहासन मिळाले.

मूळ शब्दाचा अर्थ काय असावा? वडारांची बोली तेलुगूशी निगडित आहे. तेलुगूत दंत्य ‘त’ असलेला ‘मेत्त’ म्हणजे मऊ. आणि मूर्धन्य ‘ट’ असलेला ‘मेट्ट’ म्हणजे उंचवट्याची कोरडवाहू जमीन. रोमन लिपीत हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात, कारण त्या लिपीत ‘त’ आणि ‘ट’ यांचा भेद दाखविला जात नसे. मेट्टाडे आणि लेगाडे या दोन्ही नावांच्या शेवटी ‘डे’ आहे. तो प्रत्यय मानला तर मूळ अंग ‘मेत्त’ वा ‘मेट्ट’ एवढेच उरते. या उंदराची लव विलक्षण मऊ असते, आणि इंग्रजीतही त्यास मऊ केसांचा शेतउंदीर असेच म्हणतात. शिवाय इलियटने त्याचे घर काळ्या रानाच्या भेगांत सांगितले आहे, माळावर नव्हे. यावरून पहिली व्युत्पत्ती अधिक संभवनीय दिसते. ती खरी असेल, तर प्राणिशास्त्रज्ञांनी स्पर्शाने व मोजमापाने जे लक्षण ठरविले ते वडारांच्या शब्दात आधीच सांगितले गेले होते. हा केवळ तर्क आहे. वडारी बोलणाऱ्यांच्या तोंडून ‘त’ की ‘ट’ हे ऐकल्यावाचून त्यास निर्णय म्हणता येणार नाही.

६

यानंतरचा मोठा टप्पा १९११ चा. त्या वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी हाती घेतली. संस्थेचे मानद चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड हे या उपक्रमाचे प्रवर्तक. पगारी संग्राहक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत. पाहणीचा प्रारंभ खानदेशापासून, सी. ए. क्रम्प या संग्राहकाच्या हातून झाला; पुढे कच्छ, निमाड, धारवाड असे एकेक भाग घेतले गेले. नमुने लंडनला जात आणि तेथे आर. सी. रॉटन हे जंगलखात्यातील निवृत्त अधिकारी त्यांचे अहवाल लिहीत. हे काम १९२३ पर्यंत चालले.

या पाहणीने काय बदलले? पहिली गोष्ट म्हणजे ‘दख्खन’सारखी सैल नोंद कालबाह्य झाली. प्रत्येक कातड्यास चिठ्ठी; चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, मापे. रॉटन यांनी १९१२ साली कच्छमधील खडकाळ भागातल्या उंदरासाठी ‘क्रेम्नोमिस’ हा नवा वंश स्थापिला. त्याच्या पहिल्या नमुन्याचे ठिकाण धोंसा हे गाव म्हणून नोंदलेले आहे. त्याच वर्षी त्यांनी वर्णिलेल्या ‘मस फिलिप्सी’ या लहान उंदराचे ठिकाण निमाडातील अशीरगड. आता नकाशावर टाचणी टोचता येऊ लागली; आणि शंभर टाचण्या टोचल्या की जातीच्या मुलखाची कड दिसू लागते. एखादी जाती कोठे आहे, याइतकेच ती कोठे नाही हेही प्रथमच सांगता येऊ लागले. हे ज्ञान वडारांच्या पहारीला मिळणारे नव्हते. धारवाडचा मेट्टाडे आणि सिंधमधील त्याचा भाईबंद एकच की निराळे, हे ठरविण्यास दोन्ही कातडी एका टेबलावर यावी लागतात. शास्त्राचे योगदान आहे ते येथे, आणि ते मोठे आहे.

दुसरी गोष्ट नावांची. १९११ साली ओल्डफील्ड थॉमस याने मेट्टाडेसाठी स्वतंत्र वंश कल्पून त्यास मिलार्ड यांच्या गौरवार्थ ‘मिलार्डिया’ नाव दिले. म्हणून आज त्या उंदराचे पूर्ण नाव ‘मिलार्डिया मेल्टाडा’ असे आहे. अर्धे नाव मुंबईतील एका कर्तबगार चिटणिसाचे, उरलेले अर्धे धारवाडच्या अनाम वडारांचे, आणि तेही एका अक्षराने चुकलेले! पहिल्या अर्ध्याचा धनी कोण हे लिहून ठेवलेले आहे. दुसऱ्या अर्ध्याच्या धन्यांना इतके डझनांस इतके धान्य मिळाले, आणि हिशेब तेथेच मिटला. ‘लेगाडा’ या वंशाचे तर नावही पुढे ‘मस’ या मोठ्या वंशात विरून गेले.

७

तिसरा टप्पा आपल्या अगदी जवळचा आहे. १९७५ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील मिश्रा आणि धंदा या संशोधकांनी मिलार्डियाच वंशातील एक नवी जाती वर्णिली. तिचे ठिकाण सिंहगडाचा माथा. म्हणून तिला गडाचे जुने नाव देण्यात आले : ‘मिलार्डिया कोंडाना’. वर्णनाच्या वेळी या उंदराचा ज्ञात मुलूख म्हणजे तो एक माथा होता. साइक्सच्या नोंदीतील अफाट दख्खन आक्रसत आक्रसत येथे एका डोंगरावर येऊन थांबला. अशा जातीचा नकाशा काढावयाचा तर एक टिंब पुरते; आणि ते टिंब पुसले गेले तर जाती उरत नाही. आंतरराष्ट्रीय यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. गडावरील वाढती वर्दळ आणि झाडोऱ्याची हानी ही त्यामागील कारणे सांगितली जातात. ज्या गडावर इतिहासाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे जातात, तेथील सर्वांत जुना रहिवासी त्यांच्या पायाखालीच असतो, याची जाणीव फार थोड्यांना असेल.

या नावातही लिपीने आपला कर वसूल केला आहेच. ‘कोंढाणा’तील ‘ढ’ चा ‘ड’ झाला, ‘ण’ चा ‘न’ झाला. तरीही तीन टप्प्यांची तुलना उद्बोधक आहे. १८३७ साली नाव आले ते प्राणी खणून काढणाऱ्यांच्या बोलीतून. १९११ साली ते आले पाहणी उभी करणाऱ्या संस्थेच्या चिटणिसावरून. आणि १९७५ साली ते आले जागेवरून. पहिले नाव माणसांचे ज्ञान सांगते, दुसरे कृतज्ञता सांगते, तिसरे पत्ता सांगते. पत्ता जितका नेमका होत गेला तितकी बोली मात्र नोंदीतून मागे सरत गेली.

८

यावरून शास्त्राने वडारांचे ज्ञान चोरले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इलियटने ते प्रामाणिकपणे लिहिले, ग्रेने ते नावात गुंफले. म्हणूनच आज आपल्याला त्याचा माग काढता येतो. तसेच वडारांना सर्व काही ठाऊकच होते, असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता असे देता येईल : शोध म्हणजे अज्ञाताचे प्रथम दर्शन नव्हे, एका समूहाच्या तोंडी असलेला भेद सर्वांना तपासता येईल अशा नोंदीत आणणे, म्हणजे शोध. या प्रवासात काही नव्याने हाती येते, आणि काही, एखाद्या ‘टी’च्या आडव्या रेघेप्रमाणे, हातून सुटते.

जे सुटते ते वाचविण्याचे काम भाषाशास्त्राचे आहे. बोलीभाषांच्या आपल्या संग्रहांत प्राणिनामांपुढे ‘एक प्रकारचा उंदीर’ एवढाच अर्थ लिहिलेला पुष्कळदा आढळतो. हा अर्थ नव्हे. ती अर्थ टाळण्याची सोय आहे. नाव सांगणाऱ्यास तो प्राणी कोणत्या जमिनीत असतो, बीळ कसे करतो, काय साठवितो, हे विचारावे. उच्चार काळजीपूर्वक टिपावा. आणि शक्य तेथे प्राणिशास्त्रज्ञाकडून प्राण्याची ओळख पटवून घ्यावी. आणि नाव कोणी सांगितले, हेही त्याच्या अनुमतीने लिहावे. इलियटजवळ आपल्याइतकी साधने नव्हती, तरी त्याने यांपैकी बहुतेक गोष्टी केल्या. त्याने न केलेली शेवटची गोष्ट करणे आपल्या हाती आहे.